जुन्या लष्करी चाचणी-पिस्तुलांच्या नंबराचा माग : कोल्हापूरकरांसाठी प्रश्नोत्तरे

कोल्हापूर, कागल, इचलकरंजी, गडहिंग्लज भागातल्या जुन्या वाड्यांत, इनामदार-सरदारांच्या घरांत आणि राजाराम रायफल्समध्ये नोकरी झालेल्या कुटुंबांत अजून एखादे विलायती पिस्तूल निघते. त्यावर आकडे असतात आणि घरात एक कहाणी असते. आकड्यांवरून कहाणी खरी-खोटी कशी ठरवायची, हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. नंबर म्हणजे घर नंबर आहे. गाव आणि पेठ कळल्याशिवाय नुसत्या घर नंबरावर पत्र पोचत नाही, म्हणून खालची बरीचशी उत्तरे गाव शोधण्याबद्दल आहेत.

चाचणी-पिस्तूल म्हणजे नेमके काय?

सैन्याने एखादे पिस्तूल स्वीकारण्याआधी पारखायला घेतलेला नग. यात तीन प्रकार पडतात आणि त्यांच्या नोंदी तीन वेगळ्या ठिकाणी सापडतात, म्हणून आपला प्रकार कोणता हे आधी ठरवावे.

पहिला प्रकार कारखान्याच्या टूलरूममध्ये हाताने बनवलेल्या नमुन्यांचा. यावर नंबर नसतो किंवा एक-दोन आकडी असतो. दुसरा प्रकार तपासणी मंडळासमोर ठेवलेल्या नगांचा. अमेरिकेचे मंडळ १५ जानेवारी १९०७ रोजी स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात बसले. तेव्हा कोल्ट, सॅव्हेज, ल्युगर, बर्गमन, नोबल, व्हाइट-मेरिल ही पिस्तुले आणि वेब्ली-फॉसबेरीसारखी रिव्हॉल्व्हरे समोर आली. तिसरा प्रकार पलटणींत वापरून बघायला घेतलेल्या लॉटचा. त्या मंडळाच्या शिफारशीनंतर कोल्टची २०० आणि सॅव्हेजची २०० पिस्तुले घेऊन घोडदळाला दिली गेली.

ल्युगर बनवणाऱ्या जर्मन डीडब्ल्यूएम कंपनीलाही २०० पिस्तुले मागितली होती. कंपनीने १९०८ मध्ये नकार कळवला. म्हणजे मागणीचा कागद आहे आणि पिस्तुले बनलीच नाहीत. ऑर्डरचे पत्र सापडले की 'आपले त्यातलेच' असे म्हणण्याची घाई होते, तेव्हा ही गोष्ट आठवावी. ऑर्डर, उत्पादन, रवानगी आणि पोच यांचे कागद वेगवेगळे असतात आणि चारही लागतात.

आमच्याकडचे पिस्तूल चाचणीचे आहे असे आजोबा सांगायचे. शक्यता किती?

आपल्या भागात निघणारी बहुतेक शस्त्रे नेहमीची लष्करी किंवा खासगी खरेदीची असतात. वेब्लीची .४५५ रिव्हॉल्व्हरे सर्वांत जास्त. ब्रिटिश सैन्याने मार्क १ १८८७ मध्ये स्वीकारले आणि मार्क ६ १९१५ मध्ये आले. पहिल्या महायुद्धात मार्क ६ मोठ्या संख्येने बनले, त्यामुळे ते दुर्मीळ नाही.

चाचणीशी खरा धागा असलेले आणि हिंदुस्थानात निघू शकणारे शस्त्र म्हणजे वेब्ली-फॉसबेरी. बार उडाला की वरचा अर्धा भाग मागे सरकून पुढचे काडतूस आणणारे हे रिव्हॉल्व्हर १९०१ पासून विकले जाऊ लागले. त्याचा जनक जॉर्ज फॉसबेरी बंगाल आर्मीतला अधिकारी होता, १८६३ च्या अंबेला मोहिमेत त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. ब्रिटिश सैन्याने हे रिव्हॉल्व्हर अधिकृतपणे कधीच स्वीकारले नाही. अधिकारी ते स्वतःच्या पैशाने घेत. काडतुसांच्या चक्रावर नागमोडी खाचा दिसल्या तर ते हेच. त्याची नंबरांची मालिका वेगळी असून पाच हजारांच्या आत संपते, त्यामुळे लहान नंबर दिसला म्हणून ते नमुन्याचे ठरत नाही.

गॅबेट-फेअरफॅक्सचे 'मार्स' हे ब्रिटिश चाचणीतले मोठ्या ताकदीचे पिस्तूल. सगळे मिळून सुमारे ८० बनले. ते माळ्यावर निघाल्याचा दावा आला तर आधी नळीची लांबी मोजावी आणि फोटो मागवावेत.

पिस्तूल सापडले, परवाना नाही. आता?

संशोधन नंतर, हे आधी. चालू शकणारे किंवा दुरुस्तीने चालू होणारे पिस्तूल विनापरवाना ठेवणे हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे. ते घेऊन गावभर तज्ज्ञ शोधत फिरू नका. वकिलाशी बोला आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा. कायद्याच्या कलम २१ मध्ये शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद आहे. वारसा हक्काने परवाना मागायचा तर अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कोल्हापुरात जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि वारशाने आलेले शस्त्रही त्यात मोजले जाते.

जमा करताना मिळणारी पावती हा तुमच्या संशोधनातला पहिला सरकारी कागद. तिच्यावर नंबर पूर्ण, अक्षरांसह आणि पिस्तुलावर आहे तसाच लिहिला आहे ना, हे सही करण्याआधी बघा. पंचनाम्यात 'जुने विलायती पिस्तूल, नंबर अस्पष्ट' एवढेच लिहिले गेले तर पुढे वीस वर्षांनी 'हेच ते' हे सिद्ध करणे जड जाते.

शंभर वर्षांपेक्षा जुने असेल तर परवाना लागत नाही ना?

असा सरसकट नियम आपल्याकडे नाही. हा गैरसमज बहुधा अमेरिकी माहिती वाचून होतो. तिथल्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेले शस्त्र 'अँटिक' धरले जाते. आपल्या कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुन्या घाटणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा नादुरुस्त शस्त्र वगळले आहे, पण ते दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येत नसले पाहिजे. 'दुरुस्ती करून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. गंजलेले, स्प्रिंग तुटलेले वेब्ली दुरुस्त होते, म्हणून ते आपोआप सुटत नाही. हा निर्णय घरच्या घरी घ्यायचा नाही, परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्यायचा.

यातच दुसरा कायदा येतो. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. माग काढण्यासाठी पिस्तूल परदेशी पाठवायची गरजही नसते. माहिती आणि फोटो गेले की पुरते.

पिस्तूल रिकामे आहे हे कसे समजायचे?

भरलेलेच आहे असे धरून चाला आणि तपासणी परवानाधारक विक्रेत्याच्या कारागिराकडून करून घ्या. दोन गोष्टी मात्र प्रत्येकाला माहीत हव्यात. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे नाही, एक काडतूस नळीच्या मागच्या घरात राहू शकते. माउझर सी-९६ मध्ये तर खालून निघणारे मॅगझिनच नसते. काडतुसे वरून पट्टीने भरली जातात, त्यामुळे खालून बघून काही कळत नाही.

तोंडाने भरायच्या ठासणीच्या पिस्तुलात दीडशे वर्षांपूर्वीची दारू अजून असू शकते आणि ती पेटते. कारागीर त्यासाठी लाकडी काठी वापरतो, लोखंडी सळई कधीच नाही. काठी नळीत तळापर्यंत घालून तोंडाशी पेन्सिलीने खूण करायची, मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरायची. काठीचे टोक कानाच्या, म्हणजे दारूला आग पोचवणाऱ्या, भोकापाशी पोचायला हवे. एक-दीड इंच अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. ते काढणे हेही त्याचेच काम.

नंबर कुठे शोधायचा?

वेब्ली मार्क ६ वर फ्रेमच्या उजव्या अंगाला, ट्रिगर गार्डच्या वर. तोच नंबर चक्रावर आणि नळीवर असायला हवा. कोल्ट १९११ वर फ्रेमच्या उजव्या बाजूला. ल्युगरवर नळीखाली फ्रेमच्या पुढच्या तोंडावर, आणि लष्करी नगांवर बारीक भागांवर नंबराचे शेवटचे दोन आकडे. माउझर सी-९६ वर नळीच्या मागच्या घराच्या डाव्या अंगावर आणि फ्रेमच्या मागच्या अंगावर. खांद्याला लावायचा लाकडी दस्ता असेल तर त्याचा नंबरही जुळवून बघा.

मुठीच्या पट्ट्यांखाली नंबर असेल म्हणून स्क्रू फिरवायला घेऊ नका. जुन्या स्क्रूची खाच अरुंद आणि खोल असते. आजचा निमुळता स्क्रूड्रायव्हर तिच्यात नीट बसत नाही, निसटतो आणि खाचेचे ओठ उचकटतो. जाणकार पहिल्यांदा स्क्रूच बघतो. उचकटलेला दिसला की आतले भाग बदलले असावेत, ही शंका त्याच्या मनात कायमची बसते.

नंबर पुसट आहे, गंज आहे. काय करू?

घासू नका. चिंच, लिंबू, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, 'गंज काढायचे' द्रावण, यांतले काहीही नको. ठोकलेल्या आकड्याची कड हीच त्याची ओळख असते आणि ती एकदा गोल झाली की परत येत नाही.

गुजरीत सोनारकामाच्या सामानाच्या दुकानांत दहापट मोठे दाखवणारे भिंग मिळते, ते घ्या. खोलीतला दिवा बंद करा. टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा, दहा-पंधरा अंशांपेक्षा वर नको. मग पिस्तूल न हलवता टॉर्च चारही बाजूंनी फिरवा. समोरून उजेड पडला की दिसणारा ३ बाजूच्या उजेडात ८ निघतो, कारण डाव्या कडा गंजाने भरलेल्या असतात. प्रत्येक दिशेचा वेगळा फोटो घ्या, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा. फ्लॅश नको, चकाकी येते.

फोटोत उमटत नसेल तर बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिलीची आडवी नोक हलकेच फिरवा. किंवा आकड्यांवर टाल्कम पावडरचा चिमूटभर लेप बोटाने लावून वरचा पुसून घ्या, खाचेत पांढरे राहते. काम झाले की मऊ ब्रशने पावडर काढून पातळ तेलाचा हात द्या, नाहीतर ती ओल धरते.

न वाचता आलेला आकडा अंदाजाने भरू नका. तिथे प्रश्नचिन्ह लिहा आणि शक्यता नोंदवा: '३ किंवा ८'. नोंदवह्या चाळणाऱ्याला दोन शक्यता दिल्या तर तो दोन्ही बघतो. चुकीचा एकच दिला तर 'नोंद नाही' असे उत्तर येते आणि शोध तिथेच बंद पडतो.

नंबर घासून काढलेला दिसतो. ॲसिडने परत आणता येतो का?

ते काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार ओळखखूण पुसणे, बदलणे किंवा बनावट करणे गुन्हा आहे. खूण नसलेले शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती पुसली असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. घरी प्रयोग केलात तर ते गृहीतक खोडायचा पुरावा तुमच्याच हाताने जाईल. असे शस्त्र दिसले तर थेट वकील आणि पोलीस ठाणे.

बरेच आकडे आहेत. यातला नंबर कोणता?

सर्वांत जास्त चुका इथे होतात. कोल्टच्या स्लाइडवर 'एप्रिल २०, १८९७' आणि 'सप्टेंबर ९, १९०२' अशा तारखा असतात. त्या पेटंटच्या आहेत, बनवल्याच्या नव्हेत. १८९७ वाचून त्याला एकोणिसाव्या शतकातले चाचणीचे पिस्तूल म्हणणारे बरेच भेटतात. इंग्रजी रिव्हॉल्व्हरांवर पेटंट वापराचा नंबर आणि कारखान्याचा नंबर असे दोन वेगळे असू शकतात. अ‍ॅडम्सच्या रिव्हॉल्व्हरांवर आकड्यामागे 'आर' अक्षर येते, ते नंबराचाच भाग आहे. एक-दोन आकडी सुटे आकडे बहुधा जुळणीचे किंवा तपासनिसाचे. मुठीच्या पट्टीवरचे आकडे आणि अक्षरे पलटणीची असू शकतात, तीही जशीच्या तशी उतरवा.

आकड्याआधी किंवा नंतर आलेले अक्षर गाळू नका. ब्रिटिश आरमार आणि हवाई दलासाठी बनलेल्या .४५५ कोल्टच्या नंबराआधी 'डब्ल्यू' असते. तेच अक्षर गाळले तर नंबर अमेरिकी .४५ च्या मालिकेत जाऊन पडतो आणि दुसऱ्याच पिस्तुलाचा इतिहास तुमच्या हाती येतो.

इतर ठशांचा काय उपयोग?

नंबर कोणत्या वहीत शोधायचा ते हे ठसे सांगतात. रुंद बाणाचा ठसा म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. दोन बाणांची टोके एकमेकांना भिडलेली असली तर ते शस्त्र सरकारी सेवेतून काढून विकलेले. बाणाखाली 'आय' असेल तर हिंदुस्थान सरकारचे. मुकुट आणि 'व्हीआर', 'ईआर', 'जीआर' यांवरून राजवट कळते: १९०१ पर्यंत, १९१० पर्यंत आणि त्यापुढे.

बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे बार उडवून शस्त्र तपासणाऱ्या संस्थेचा, कायदा १८१३ चा. १९०४ च्या नियमांनंतर त्यांच्या ठशांत मुकुटाखाली 'एनपी' दिसते, म्हणजे धूरविरहित दारूची चाचणी. अमेरिकी कोल्टवर 'नॉट इंग्लिश मेक' असा ठसा असला तर ते १९२५ ते १९५५ या काळात ब्रिटनमध्ये तपासले गेले. मग 'पणजोबांनी १९१७ साली मेसोपोटेमियातून आणले' ही कहाणी तशीच्या तशी टिकत नाही. पिस्तूल मध्ये पुन्हा विलायतेला गेले होते का, हे विचारावे लागते.

टिपण कसे लिहायचे?

एका कागदावर, एकाच बैठकीत, पिस्तूल समोर ठेवून. आठवणीतून लिहिलेले टिपण धरू नये. नमुन्यादाखल:

'रिव्हॉल्व्हर, मोडून उघडणारे, सहा घरांचे. फ्रेमवर उजवीकडे नंबर पाच आकडी, तिसरा आकडा ३ किंवा ८. चक्रावरचा नंबर जुळतो, नळीवरचा जुळत नाही. नळी १५२ मिमी, चक्राच्या पुढच्या कडेपासून तोंडापर्यंत. डाव्या अंगावर बाण, मुठीच्या पट्टीवर काही नाही. मुठीच्या पट्ट्या काळ्या, उजवीला तडा. रंग मूळचा वाटतो, नळीवर वेगळा.'

'नळीवरचा जुळत नाही' हे लिहायला अनेकांना जड जाते. लिहाच. सेवेतल्या शस्त्राची नळी कारखान्यात बदलली जाई आणि तीही त्याच्या इतिहासातली नोंद आहे. मापासाठी व्हर्निअर वापरा. शिवाजी उद्यमनगरातल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये बसून पाच मिनिटांत मापन शिकता येईल. नळीच्या आत व्हर्निअरचे जबडे घालू नका, कडेला चरे पडतात.

अमेरिकी पिस्तुलासाठी कुठे विचारायचे?

अमेरिकी नोंदी त्या मानाने बऱ्याच शिल्लक आहेत. कोल्ट कंपनीचा अभिलेख विभाग सशुल्क पत्र देतो. त्यात रवानगीची तारीख, कोणाला पाठवले, त्या खेपेत किती नग होते, कॅलिबर, नळीची लांबी, रंग आणि मुठीचा प्रकार असतो. स्मिथ अँड वेसनसाठी त्यांचे हिस्टॉरिकल फाउंडेशन आहे. विंचेस्टर आणि मार्लिनच्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात आहेत.

कारखान्याचे पत्र शस्त्र कारखान्याच्या दारातून बाहेर पडेपर्यंतचेच सांगते. 'कमांडिंग ऑफिसर, स्प्रिंगफील्ड' एवढ्यावर ते थांबते. पुढे घोडदळाच्या कोणत्या ट्रूपला (तुकडीला) गेले ते शोधायचे तर वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधला रेकॉर्ड ग्रुप १५६, म्हणजे चीफ ऑफ ऑर्डनन्सचे दफ्तर. चाचणी मंडळाचे अहवाल, पत्रव्यवहार, वाटपाच्या आणि परतीच्या नोंदी याच दफ्तरात.

१९०१ मध्ये अमेरिकी सैन्याने चाचणीसाठी १००० ल्युगर घेतली. त्यांचे नंबर सुमारे ६१०० ते ७१०० च्या पट्ट्यात धरले जातात, पण हा पट्टा उरलेल्या पिस्तुलांवरून बांधलेला आहे. त्याच पट्ट्यात नंबर पडला एवढ्यावर ते चाचणीचे ठरत नाही. त्यावर जर्मन प्रूफ ठसे नसणे, नळीच्या मागच्या घरावर अमेरिकी गरुड असणे हेही जुळायला हवे.

ब्रिटिश पिस्तुलासाठी?

ब्रिटिश सरकारने शस्त्रे ठोकात घेतली आणि ठोकात वाटली. हा नंबर अमुक पलटणीच्या अमुक शिपायाला, अशी यादी सहसा मिळत नाही. ती मिळेल असे सांगून पैसे मागणाऱ्यापासून दूर राहा. मिळते ते असे: लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये 'डब्ल्यूओ' खुणेखाली युद्ध खात्याचे आणि 'एडीएम' खाली आरमाराचे कागद, त्यांत चाचणीचे अहवाल. लीड्सच्या रॉयल आर्मरीजकडे पूर्वीच्या पॅटर्न रूमचा, म्हणजे लष्करी शस्त्रांचे नमुने जपणाऱ्या विभागाचा, संग्रह आहे, नमुन्याशी ताडून पाहायला तो उपयोगी. हिंदुस्थानी सैन्याच्या मागणी-पुरवठ्याचे कागद ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये, 'एल/एमआयएल' मालिकेत.

अधिकाऱ्याने स्वतः विकत घेतलेले शस्त्र असेल तर सरकारी कागद सोडा आणि दुकानदाराकडे वळा. नळीवर दुकानाचे नाव असते. 'आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी' असे वाचता आले तर नशीब चांगले: त्यांच्या बंदुकांच्या वह्या ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत आणि त्यांत नंबरासमोर गिऱ्हाइकाचे नाव सापडू शकते. घरच्या कहाणीला आधार मिळायची सर्वांत चांगली जागा हीच.

अधिकाऱ्याचे नाव आधीच माहीत असेल आणि त्याच्या बाजूने यायचे असेल तर एक अडचण लक्षात ठेवा. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या सेवानोंदींचा मोठा भाग सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाला.

जर्मन आणि स्विस?

जर्मन कारखान्यांची बहुतेक दफ्तरे दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर गेली, त्यामुळे तिथून पत्राची आशा कमी. त्यांच्याबाबत उरलेल्या पिस्तुलांची तुलना हाच मार्ग. जर्मन लष्करी ल्युगरचे नंबर दरवर्षी १ पासून सुरू होत आणि १०,००० झाल्यावर मागे 'ए', 'बी' अशी अक्षरे लागत. म्हणजे एकच चार आकडी नंबर अनेक पिस्तुलांवर असतो. साल, अक्षर आणि नंबर तिन्ही मिळूनच ओळख होते. स्वित्झर्लंडने ल्युगर सर्वांत आधी, १९०० मध्ये स्वीकारले. स्विस क्रॉस दिसला तर जर्मन याद्यांत वेळ घालवू नका.

कोल्हापुरात काय शोधता येईल?

पिस्तूल कारखान्यातून कुठे गेले हे विलायतेतून कळेल. ते तुमच्या घरात कसे आले हे मात्र इथेच कळेल आणि लोक नेमका हाच अर्धा भाग सोडून देतात.

घरातल्या पेटीपासून सुरुवात करा. जुने परवाने, त्यांची नूतनीकरणाची पाने, काडतूस खरेदीच्या पावत्या. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि सध्याचा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यामुळे एकाच शस्त्राचे संस्थानी, मुंबई राज्याचे आणि महाराष्ट्राचे असे तीन काळांतले कागद असू शकतात. त्यांवरचे नंबर एकमेकांशी ताडा. कारकुनाने उतरवताना अक्षर गाळलेले, ६ चा ९ झालेला नेहमी दिसतो, आणि पुढच्या प्रत्येक कागदात तीच चूक चालू राहते. सर्वांत जुना कागद सर्वांत विश्वासाचा, तोही पिस्तुलावरच्या नंबराशी ताडूनच.

मग कोल्हापूर पुराभिलेखागार. संस्थानचे दफ्तर तिथे आहे. जाताना 'पिस्तुलाची माहिती हवी' असे म्हणू नका, त्याने काही हाती लागत नाही. साल आणि खाते सांगा: शिलेखाना (शस्त्रांचे कोठार), खासगी खर्च, सरदारांना दिलेल्या वस्तूंच्या याद्या, विलायती दुकानांची बिले. जुने कागद मोडीत आहेत. पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतो, नाहीतर जाणकार मोडी वाचक सोबत घ्या. मोडी कागदांत नंबर क्वचित असतो. 'विलायती सहाबारी पिस्तूल, पेटीसह' असे वर्णन असते, म्हणून पेटी, पट्टा, चामडी म्यान जपून ठेवा. जुनी कालगणना बदलून घ्यायची तर शके सालात ७८ आणि फसली सालात ५९० मिळवा, एका वर्षाचा फरक धरून.

संस्थानावरच्या ब्रिटिश एजन्सीमार्फत झालेल्या पत्रव्यवहारासाठी मुंबईचे राज्य अभिलेखागार आणि दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार. दिल्लीच्या 'अभिलेख पटल' संकेतस्थळावर घरबसल्या सूची चाळता येते. शोधताना संस्थानचे जुने इंग्रजी स्पेलिंग आणि आजचे, दोन्ही टाकून पाहा.

नंबरावरून खरंच काही सिद्ध होते का? आपल्याकडचे उदाहरण आहे?

आहे, आणि ते जगात कुठेही दाखवावे असे आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातल्या दहा पेट्या क्रांतिकारकांनी पळवल्या. त्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. प्रत्येक पिस्तुलावर नंबर होता आणि कंपनीकडे त्यांची नोंद होती, म्हणूनच पुढे बंगालभर सापडलेले प्रत्येक माउझर त्या पन्नासातले आहे की नाही हे सरकारला ताडता आले.

दुसरे उदाहरण भगतसिंगांच्या .३२ कोल्टचे. ते इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेत इतर शस्त्रांबरोबर ठेवलेले होते, वर रंग चढलेला. रंग खरवडल्यावर नंबर निघाला: १६८८९६. लाहोर खटल्याच्या कागदांत तोच नंबर होता. पण नुसता नंबर जुळून भागले नाही. लाहोरहून फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात आणि तिथून १९६९ मध्ये इंदूरला, हा प्रवास कागदावर होता म्हणून साखळी पूर्ण झाली. तुमच्या पिस्तुलाचीही अशीच साखळी बांधायची आहे, कडी कडी जोडून.

परदेशी दफ्तराला पत्रात काय लिहावे?

थोडक्यात आणि एकाच शस्त्राबद्दल. बनावट, मॉडेल, कॅलिबर, पूर्ण नंबर रोमन अक्षरांसह, शंकास्पद आकड्याच्या शक्यता, ठशांचे वर्णन, चार फोटो. मग एकच नेमका प्रश्न: 'या नंबराची रवानगी कधी आणि कोणाला झाली?' घरची कहाणी पहिल्या पत्रात लिहू नका. उत्तर देणारा नकळत तिच्याशी जुळणारे शोधतो. आधी त्याला कोरे बघू द्या, कहाणी दुसऱ्या पत्रात.

'नोंद सापडली नाही' असे उत्तर आले. म्हणजे नकली?

नाही. वही जळाली असेल, तो काळ वहीत नसेल, किंवा नंबर चुकला असेल. उत्तरातले शब्द नीट वाचा. 'या मालिकेची वही उपलब्ध नाही' आणि 'वही आहे, पण हा नंबर तिच्यात नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या उत्तरानंतर टॉर्च आणि भिंग घेऊन नंबर पुन्हा वाचा, विशेषतः १ आणि ७, ३ आणि ८, ६ आणि ९. टूलरूमचे नमुने तर विक्रीच्या वहीत येतच नाहीत. त्यांच्यासाठी मंडळाचा अहवाल आणि त्यातली छायाचित्रे बघावी लागतात. फोटोतल्या स्क्रूची जागा, घोड्याचा आकार, मुठीवरची जाळी आपल्या नगाशी ताडून बघता येते.

विक्रेता म्हणतो 'चाचणीचे आहे, कागद आहेत'. काय तपासू?

कागदावरचा नंबर आणि पिस्तुलावरचा नंबर तुम्ही स्वतः, भिंगाने. मग ठशाची खोली. कारखान्यातला आकडा एकसारखा खोल असतो आणि त्यावरून रंगाचा थर जातो. नंतर ठोकलेल्या आकड्याभोवती धातू उचललेला दिसतो आणि खाचेच्या तळाशी रंग तुटलेला असतो. आकडे एका रेषेत नसणे, इंग्रजी अक्षर उलटे असणे, कंपनीच्या नावात स्पेलिंगची चूक असणे, ही पाकिस्तानातल्या दरा आदमखेलसारख्या ठिकाणच्या हातबनावटीची ओळख. आजूबाजूचा भाग किंचित खोलगट आणि चकचकीत असेल तर तिथला जुना नंबर घासलेला आहे. तिथून निघून या, किंमत कितीही कमी असो.

विक्री आणि हस्तांतर दोन्ही बाजूंच्या परवान्याशिवाय होत नाही, हे विक्रेत्याने स्वतःहून सांगितले नाही तर तोही एक इशाराच समजा.

नंबराचा फोटो ग्रुपवर टाकला तर चालेल?

शेवटचे दोन आकडे झाका. पूर्ण नंबर मिळाला की कोणीही त्या नंबरावर कारखान्याचे पत्र मागवू शकतो आणि ते पत्र दुसऱ्याच पिस्तुलासोबत विकू शकतो. मॉडेल ओळखायला सुरुवातीचे आकडे आणि ठसे पुरतात. घराचा पत्ता, परवान्याचे पान आणि पिस्तूल कुठे ठेवले आहे हे कुठल्याही फोटोत येऊ देऊ नका.

मिळालेले कागद कसे ठेवायचे?

मूळ परवाने आणि पत्रे लॅमिनेट करू नका, उष्णतेने शाई पसरते आणि कागद पुन्हा सुटा होत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीतल्या कपाटात बुरशी येते, म्हणून लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात, सुती कापडाच्या रुमालात बांधून ठेवा. दफ्तरखान्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच केले गेले आहे. स्कॅन दोन ठिकाणी ठेवा आणि टिपणाची एक प्रत परवान्याच्या फाइलला लावा. पुढच्या नूतनीकरणाला परवान्यावरचा नंबर चुकीचा निघाला तर दुरुस्तीच्या अर्जासोबत तीच प्रत आणि त्या दिवशीचे फोटो जोडायचे.